कडेचा धागा

एका जंगलात बातम्या जाळ्यावर विणल्या जातात, तिथली ही गोष्ट. पूर्वी त्या विणणारा कोळी आता म्हातारा झालाय, पण तो दिवस त्याला लख्ख आठवतो.

"अक्षरं फार बारीक दिसतात रे," कासवआजोबा म्हणाले होते.

"मग जवळ या ना!" कोळी फणकारला.

"आलो की नाक चिकटतं. तुझी आई गाठी सैल ठेवायची. कडेचा धागा ओढला की अक्षरं हवी तेवढी मोठी व्हायची."

"आणि माझी नक्षी विस्कटली म्हणजे?" कोळ्याने गाठी आणखी आवळल्या.

त्या दिवशीची बातमी होती, तळ्याच्या वाटेवर फास लावलाय. आजोबा नेहमीसारखे तळ्याकडेच निघाले. उंदरांनी फास कुरतडला म्हणून वाचले, पण मागचा पाय कायमचा अधू झाला. कोळ्याने मग मुकाट्याने एकेक गाठ सोडून सैल बांधली.

आजोबा जाऊन कैक पावसाळे झाले. विणकाम आता कोळ्याची नात करते. आज सकाळी तो जाळ्यापुढे आला, तर सगळं नुसतं धूसर. त्याने भीतभीत कडेचा धागा ओढून पाहिला.

गाठी सैल होत्या.