निळ्या फुलाला हाक मारणारी तानूआजी

डोंगरावर माणसांपेक्षा पाखरं जास्त होती, त्या काळातली ही गोष्ट. आंबेघळ गावात तानूआजी नावाची झाडपाल्याची जाणकार राहायची. अनोळखी फुलापुढं ती फतकल मारून बसायची आणि एकेक नाव घेऊन हाक मारायची. खरं नाव आलं की फूल मान डोलवायचं, असं म्हणतात. एका तेरड्यानं तर ‘ओ’ दिली होती म्हणे. पण ते सांगणारा ताडी पिऊन आला होता, तेव्हा ते सोडून देऊ.

त्याच गावात हैबतरावांच्या घरी देशावरची नवी सून आली. श्रावणात सासूनं तिला त्यांच्या डोंगरातल्या रानातून भाजी खुडून आणायला धाडलं. पोरीनं जन्मात ज्वारीच्या शिवारापलीकडं काही पाहिलं नव्हतं. उतारावर कोवळा पाला दिसला, त्याला निळी फुलं. तिनं फुलांसकट ओटीभर खुडलं आणि लसूण घालून परतलं. घरच्यांनी बोटं चाटत खाल्लं. तिच्या वाट्याला नुसती कढई आली.

हात धुताना सासूला चुलीपाशी एक फूल पडलेलं दिसलं.

“हे कुठलं गं?”

“भाजीतलं, आत्याबाई.”

“अगं बया! असलं फूल मी बापजन्मात बघितलं न्हाई!”

झालं. हैबतराव ओसरीवर आडवे झाले. दिराच्या पोटात कळा यायला लागल्या. नणंदेला एकाचे दोन दिसायला लागले.

“आणि ही बघा,” दीर कण्हला, “हीच तेवढी जेवली न्हाई!”

सुनेनं हातातली कढई तिथंच टाकली. ती तशीच धावली आणि तानूआजीला हाताला धरून उतारावर घेऊन आली.

आजी फुलापुढं बसली. सोनकी म्हणाली, भारंगी म्हणाली, कुर्डू म्हणाली. फुलांची नावं संपली तशी तिनं म्हशींची घेतली, मग व्याह्यांची घेतली. फूल ढिम्म.

“आजी, माझ्या हातनं सगळं घर गेलं,” सून हुंदके द्यायला लागली.

“रडायचं मागनं बघू. नाव काय तुझं?”

“रुक्मिणी.”

फूल हललं नाही.

“कुणी ठेवलं?”

“लग्नात, ह्यांनी. ताटातल्या तांदळात अंगठीनं लिवलं.”

“आणि आईनं?”

ते नाव सासरी कुणी एकदाही घेतलं नव्हतं. “गोजरा,” ती पुटपुटली.

“मोठ्यानं!”

“गोजरा!”

वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती, तरी फुलानं मान डोलवली. मग शेजारच्यानं. मग सगळा उतार खालपासून वरपर्यंत डोलला, आणि पलीकडच्या खोऱ्यातली गुरं उठून उभी राहिली, असं म्हणतात.

आजी हसली. “विषाच्या फुलापुढं कुणी आपलं खरं नाव घेतलं, तर त्याला सोसत न्हाई, देठातच करपतं. जा पोरी, भाकऱ्या टाक. भुका लागल्या असतील त्यास्नी.”

गोजरा उड्या मारत खाली आली. ओसरीवर हैबतराव मांडी घालून बसले होते. “सूनबाई, ती भाजी उरलीय का जरा?”

गोजरा अंगणात मटकन बसली आणि हसता हसता रडायला लागली. डोंगरावरची हाक खाली ऐकू आली होती. सासूनं तिला पोटाशी धरलं. “ऊठ गोजरा,” ती म्हणाली, “आधी तू दोन घास खा.”

तानूआजी पुढं त्याच उतारावर बसल्या बसल्या फुलांत मिसळून गेली, असं म्हणतात. आंबेघळीत अजूनही लग्नात सुनेचं नाव बदलत नाहीत. श्रावणात नवी सून त्या उतारावर जाते, तानूआजीच्या नावानं भाकरीचा तुकडा ठेवते आणि आपलं नाव मोठ्यानं हाकारते. वारा पडलेला असला, तर सासू मागं उभी राहून हळूच पदर हलवते.