आधी काठीचे पाय

"पण भंते, भीती मरते तरी कधी?"

डोंगर उतरता उतरता भंते सुमंगल यांनी अंगावरच्या चीवराची गाठ सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली.

सुगतनं सकाळपासून हाच प्रश्न फिरवून फिरवून विचारला होता. उत्तर मिळत नाही म्हटल्यावर तो मनातून चिडला होता, पण गुरूवर चिडायचं कसं, म्हणून आपल्या बुटांवर चिडत होता.

जपानच्या दक्षिण किनाऱ्याची ही यात्रेची वाट. दिवसभर डोंगर चढायचा, पलीकडे समुद्राशी उतरायचं, पुन्हा डोंगर. भंते मूळचे वर्ध्याकडचे, पण इकडच्या एका विहारात राहून म्हातारे झाले होते. सुगत साताऱ्याचा. सह्याद्रीतल्या कड्यांवर माणसं घेऊन जाणारा, ज्याच्या शब्दावर लोक बिनधास्त दोराला लटकायचे असा गडी.

मागच्या वर्षी एका कड्यावर त्याचा पाय निसटला. लागलं काहीच नाही. पण त्या दिवसापासून पाय त्याचे राहिले नाहीत. घरच्या गॅलरीत कपडे वाळत घालायलासुद्धा तो जाईना. बायकोनं एकदा हसत हसत हाताला धरून बाहेर नेलं, तर हा दाराची चौकट सोडेना. मग ती हसायची थांबली. त्याला तेच जास्त लागलं.

भंतेंना कशाचीच भीती नाही, असं त्यानं ऐकलं होतं. म्हणून तो एवढ्या लांब आला होता.

यात्रेला निघताना भंतेंनी त्याला एक लाकडी काठी देऊ केली होती. इथले यात्रेकरू ती घेतल्याशिवाय निघत नाहीत.

"माझ्याकडे आहेत," असं म्हणून सुगतनं पाठपिशवीतून घडीच्या दोन काठ्या खटाखट उघडून दाखवल्या. हलक्या, काळ्या, महागाच्या.

"चांगल्या आहेत," भंते म्हणाले. "पण मातीत रोवता येतील काय?"

"रोवायच्या कशाला?"

"वाटेत मेला तं हीच काठी रोवतात. दगडाच्या जागी."

सुगत हसला होता. आपलं थडगं आपणच हातात धरून हिंडायचं, काय एकेक लोक असतात.

आता त्याला हसू येत नव्हतं.

नेहमीची वाट दरड कोसळून बंद झाली होती. जुनी वाट तेवढी उरली होती, समुद्राच्या बाजूनं कड्याला वळसा घालून जाणारी. एका माणसापुरती रुंदी. आतल्या अंगाला गंजलेली साखळी. बाहेरच्या अंगाला काहीच नाही. खाली लाट आपटायची तेव्हा पायाखालचा खडक थरथरायचा.

आणि वाटेच्या तोंडाशी, गवतात, दोन काठ्या रोवलेल्या. पावसानं पांढऱ्या पडलेल्या.

"तुम्ही गेलाय ना इथून?" त्यानं विचारलं.

"वरतून गेलो. खालच्या वाटेनं कधीच नाही."

"मग परत फिरू या का?"

भंतेंनी मागे बघितलं. मागे अख्खा डोंगर होता, त्यावर ढग उतरत होते. मुक्कामाचं घर पुढेच होतं, वळशापलीकडे. त्याचं धुराडंही दिसत होतं.

सुगत मटकन खाली बसला. साताऱ्यातली माणसं आत्ता बघत असती तर, असं त्याच्या मनात आलं. मग गॅलरीची चौकट आठवली. इथून फिरलो तर जन्मभर त्या चौकटीलाच धरून बसायचं, हे त्याला लख्ख कळलं. तरी उठवेना.

भंते बराच वेळ समुद्राकडे पाहत उभे होते...

मग त्यांनी चीवराची गाठ पुन्हा बांधली. आपल्या हातातली लाकडी काठी सुगतच्या मांडीवर ठेवली.

"हे तिकडं नेऊन ठेव."

"मी? आणि तुम्ही?"

"ने बापा."

गुरूनं सांगितलेलं काम. नाही म्हणायला तोंड नव्हतं. काळ्या काठ्या घडी घालून त्यानं पिशवीत कोंबल्या, कारण एक हात साखळीला हवा होता आणि दुसऱ्यात भंतेंची काठी. तो निघाला.

काय चालला म्हणावं! खडकाला पोट चिकटवून, जीव मुठीत धरून, आईला हाका मारत सरकला. साखळी ओली होती. मधेच एक लाट एवढी उसळली की तोंडावर खारट पाणी आलं आणि काठी हातातून सटकायला लागली. त्यानं ती दात आवळून काखेत दाबली. गुरूची काठी समुद्रात घालवली, हे कुठल्या तोंडानं सांगणार होता?

पलीकडे गवताला पाय लागले तेव्हा तो जमिनीवर आडवाच झाला. मग उठून मागे बघितलं.

भंते निघाले होते, पण पहिल्या वळणापाशी थांबले होते. पाठ खडकाला, दोन्ही हात साखळीला, डोळे मिटलेले.

"या ना भंते!"

भंतेंनी डोळे उघडले नाहीत.

परीक्षा बघतोय म्हातारा, सुगत मनाशी म्हणाला. आपण आलो, आता हे ध्यानाला बसलेत. तो वाट बघत राहिला. वारा वाढला. चीवर फडफडू लागलं, सुटायला आल्यासारखं...

भंते हलले नाहीत.

सुगतची नजर हातातल्या काठीवर गेली. मग भंतेंच्या मागच्या गवतातल्या त्या दोन पांढऱ्या काठ्यांवर. मग पुन्हा हातातल्या काठीवर.

काठी इथं होती. माणूस तिथं होता.

स्वतःचा पाय निसटला तेव्हाही तो एवढा घाबरला नव्हता. उभी केली तर रोवल्यासारखी होईल म्हणून त्यानं काठी गवतात आडवी टाकली आणि परत वाटेवर शिरला. या वेळी पोट खडकाला लागलं की नाही, आईला हाक मारली की नाही, त्याला काही आठवत नाही.

"भंते, हात द्या. साखळी सोडा. मी धरलंय."

हात बर्फासारखा गार होता. पाणी उडालं असेल, सुगतला वाटलं.

"इथं पाय ठेवा. आता इथं. खाली बघू नका, माझ्या पाठीकडे बघा."

भंते लहान मुलासारखे सांगेल तिथं पाय ठेवत आले. पलीकडे पोचल्यावर सुगतनं गवतातली काठी उचलून त्यांच्या हातात दिली.

मुक्कामाच्या घरी दारातच एका म्हातारीनं पाण्याची बादली आणि फडकं आणून ठेवलं. सुगत थकून पायरीवर बसला आणि बुटांची नाडी सोडू लागला. म्हातारीनं हातानंच त्याला थांबवलं.

"इथं आधी काठीचे पाय धुतात," भंते म्हणाले. "मग आपले."

ते उकिडवे बसले आणि काठीचं टोक हळूहळू धुऊ लागले. चिखल निघाला तरी ते चोळतच राहिले.

सुगतला आता हलकं हलकं वाटत होतं. कधी एकदा घरी जाऊन गॅलरीत उभा राहतो असं झालं होतं. एवढा मोठा धडा आपल्याला कळला याचा थोडा डौलही चेहऱ्यावर आला होता.

"कळलं मला, भंते," तो म्हणाला. "काठी आधी माझ्याकडे दिलीत. मग मुद्दाम तिथं थांबलात. मी परत यावं म्हणून. नाहीतर तुम्हाला कसली आलीय भीती!"

भंतेंचा हात थांबला. फडक्यातून पाणी ठिबकत राहिलं...

"काठी दिली, कारण मले दोन्ही हात पाहिजे होते," ते म्हणाले. "आन् मुद्दाम काहून थांबीन, बाप्पा? माहे पायच उचलत नव्हते."