दर सहा महिन्यांनी नवं कबूतर

फार पूर्वी, निरोप माणसाच्या पायांनी जायचा नाहीतर पाखराच्या पंखांनी, त्या काळातली ही गोष्ट. डोंगरातल्या एका गावात एक सुईण राहत होती. बाई हाताची गुणी आणि जिभेची तिखट. आसपासच्या सात वाड्यांमधली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली होती, आणि त्यातल्या बहुतेकांनी पुढे तिची बोलणीही खाल्ली होती.

वाड्या लांब लांब. कळा सुरू झाल्यावर माणूस पाठवावा तर तो डोंगर उतरून येईपर्यंत अर्धा दिवस जायचा. म्हणून सुईणीने एक रीत घालून दिली होती. बाईला नववा लागला की सुईणीच्या घरचं कबूतर करंडीत घालून तिच्या घरी नेऊन ठेवायचं. कळा येऊ लागल्या की तिने स्वतःच्या हाताने त्याच्या पायाला लाल दोरा बांधायचा आणि ते सोडून द्यायचं. कबूतर घटकाभरात सुईणीच्या छपराखालच्या ढाबळीत येऊन बसायचं. लाल दोरा दिसला की सुईण तव्यावरची भाकरी तव्यावरच टाकून निघायची.

कबूतर एकच होतं. राखाडी रंगाचं, एका पायाचं बोट तुटलेलं, दिसायला अगदी बावळट. पण आजवर एकदाही चुकलं नव्हतं. दोघींचे दिवस जवळजवळ आले, तर एकीकडे ते जायचं आणि दुसरीकडे सुईण स्वतः आधीच मुक्कामाला जायची.

कबूतर सांभाळायचं काम तिच्या नवऱ्याचं. माणूस वाईट नव्हता. कष्टाळू होता, पाखरांची त्याला माया होती. फक्त दुसऱ्याच्या घरात नवी वस्तू दिसली की त्याला स्वतःच्या घरातलं सगळं एकाएकी जुनं दिसायला लागायचं. या एका खोडीपायी सुईणीने आजवर तीन पाटे, दोन कंदील आणि एक दूध न देणारी शेळी सहन केली होती.

अशात एक दिवस पेठेतला कबुतरांचा व्यापारी गावात आला. पारावर पिंजरे मांडून बसला. सुईणीचा नवरा गेलाच. वैतागत वैतागत सुईणही मागोमाग गेली, कारण त्याला एकट्याला पाठवलं की काय होतं ते तिला ठाऊक होतं.

"तुमचं कबूतर किती वर्षांचं?" व्यापाऱ्याने विचारलं.

"सहा," नवरा म्हणाला.

"सहा!" व्यापाऱ्याने कपाळाला हात लावला. "अहो, सहा वर्षांचं कबूतर अजून वापरता? लोक काय म्हणत असतील!"

लोक काहीच म्हणत नव्हते. पण नवऱ्याचा चेहरा उतरला.

मग व्यापाऱ्याने बोली सांगितली. जुनं कबूतर त्याला द्यायचं, नवं घेऊन जायचं, आणि दर महिन्याला पायलीभर ज्वारी पोचवायची. सहा महिने झाले की ते कबूतर परत करायचं आणि त्याहून नवं घ्यायचं. म्हातारं व्हायची वाट बघायची गरजच नाही! परत करताना मात्र पीस न् पीस जागच्या जागी हवं. एक जरी मोडलं तरी पाच पायल्या दंड. हल्ली दुकानातून फोन घेणाऱ्यांना ही बोली ओळखीची वाटेल. वाटू द्या.

"आणि ज्वारी कधीपर्यंत द्यायची?" सुईणीने विचारलं.

"नवं नवं घेत राहाल तोपर्यंत."

"आणि घ्यायचं थांबवलं, तर हातातलं कबूतर कोणाचं?"

व्यापारी हसला. "वहिनी, एवढा विचार कोणी करत नाही."

"तेच दिसतंय," असं म्हणून सुईण घरी आली.

तिच्या मते विषय संपला होता. नवऱ्याच्या मते तो आता कुठे सुरू झाला होता. सकाळी चुलीपाशी तो म्हणे, पाटलांनी घेतलं. दुपारी जेवताना म्हणे, सोनारांनीही घेतलं. संध्याकाळी म्हणे, आपलंच तेवढं बोटतुटकं.

"अहो, आपलं कबूतर घरी येतं ना?" सुईण विचारी.

"येतं."

"धुक्यात येतं? ससाणा मागे लागला तरी येतं?"

"येतं गं."

"मग बदलायचं कशासाठी?"

यावर तो तेच पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. नऊ दिवसांत सुईणीचे कान किटले. दहाव्या दिवशी ती म्हणाली, "घ्या! काय घ्यायचं ते घ्या, पण माझं डोकं खाऊ नका." या गोष्टीतली पहिली चूक इथे झाली, आणि ती सुईणीची होती.

पांढरंशुभ्र कबूतर घरात आलं. पायांवर पिसांचे झुबके, मान अशी ऐटीत की जणू गाव त्याच्या नावावर आहे. राखाडी पेठेत गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा छपरावर येऊन बसलं. सुईणीला हसू फुटलं. नवऱ्याला नाही. त्याने ते धरलं, करंडीत घातलं आणि चार कोस चालत पेठेत नेऊन दिलं. पुन्हा आलं, पुन्हा नेऊन दिलं. शेवटी व्यापाऱ्याने ते लांबच्या मुलखात विकून टाकलं.

"पाखराला जिथे पिसं फुटतात ना, तेच त्याचं घर," सुईण म्हणाली. "मग हे पांढरं कुठलं?"

"शिकवतो की मी त्याला," नवरा म्हणाला.

आणि त्याने शिकवलं, हे कबूल करायला हवं. रोज करंडी घेऊन तो थोडं थोडं लांब जायचा आणि पांढऱ्याला सोडायचा. सुरुवातीला ते सरळ पेठ गाठायचं. मग हा चार कोस जाऊन त्याला परत आणायचा. असे चार महिने गेले, आणि तेवढे दिवस सुईणीने वाड्यांवर मुक्काम करूनच काम भागवलं. पाचव्या महिन्यात सगळ्यात दूरच्या वाडीवरून सोडलेलं पांढरं कबूतर घरच्या ढाबळीत येऊन बसलं. त्या दिवशी सुईणीने नवऱ्याला स्वतःहून गोडाचा शिरा करून घातला.

सहावा महिना लागला, आणि नवऱ्याने कबूतर पिंजऱ्यात कोंडून वर कुलूप लावलं.

"हे काय?" सुईणीने विचारलं.

"परत द्यायचंय ना आता. उडताना पीस मोडलं तर पाच पायल्या जातील."

"अहो, पण तेल्याच्या सुनेचे दिवस भरत आलेत! तिकडे काय ठेवू?"

"एवढा एक महिना काढ गं कसातरी."

सुईणीने वळकटी बांधली आणि तेल्याच्या घरी आठ दिवस मुक्काम ठोकला. निघताना पिंजऱ्यातल्या कबुतराला म्हणाली, "तू बस इथे दाणे टिपत. मी जाते उडत."

ते बाळंतपण नीट पार पडलं. ती थकून भागून घरी परतली, तर नवरा नवं धोतर नेसून पेठेत निघालेला.

"आता कुठे ते घर ओळखायला लागलंय," ती म्हणाली. "राहू द्या हेच."

"अगं, हक्क आहे आपला. सहा महिने ज्वारी भरली ती कशाला?"

"कबुतरासाठी भरली."

"छे! बदलायला मिळावं म्हणून भरली. आता नाही बदललं तर ती फुकट गेली ना!"

ज्वारी फुकट जाऊ नये म्हणून हा चार महिन्यांची पायपीट फुकट घालवायला निघाला होता. सुईणीच्या जिभेवर दहा उत्तरं आली. पण आठ दिवसांची झोप राहिली होती, पाठ मोडून आली होती. "करा काय करायचं ते," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. ती अडवू शकली असती. त्या दिवशी तिने अडवलं नाही.

नवं कबूतर ठिपक्यांचं होतं. व्यापाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की ही जात हुशार, पंधरा दिवसांत घर ओळखते. पंधरा दिवसांनी नवऱ्याने ते देवळापाशी नेऊन सोडलं. ते घरी आलं.

"बघ!" तो आनंदाने म्हणाला.

"देवळापासून मीसुद्धा डोळे मिटून घरी येईन," सुईण म्हणाली. "वाडीवर नेऊन सोडा आणि मग सांगा."

तेवढ्यात सगळ्यात दूरच्या वाडीवरून कुंभाराचा निरोप आला, की सुनेला नववा लागलाय. पोरीचं पहिलंच बाळंतपण. सुईण स्वतःच मुक्कामाला जायची, पण गावात सोनाराच्या सुनेचेही दिवस भरत आले होते. तिला गाव सोडता येईना. नवऱ्याने ठिपक्यांचं कबूतर करंडीत घातलं आणि कुंभारवाडीला नेऊन ठेवलं.

असे काही दिवस गेले. सुईण घडीघडी ढाबळीकडे बघायची.

"कबूतर आलं नाही म्हणजे कळा नाहीत," नवरा म्हणायचा. "उगाच जिवाला घोर लावून घेऊ नको."

एका सकाळी पेठेतून व्यापाऱ्याचा माणूस करंडी घेऊन आला. करंडी अंगणात ठेवून म्हणाला, "शेठनी पाठवलंय. मुदतीआधी कबूतर परत केलं की पाच पायल्या पडतात. शिवाय शेपटीचं पीस मोडलंय, त्याच्या पाच वेगळ्या."

"आम्ही परत केलंच नाही!" नवरा उसळला. "आणि पीस तुमच्याकडेच मोडलं असेल. बघू कुठलं पीस ते!"

दोघं पिसावरून हमरीतुमरीवर आले. सुईणीने करंडीचं झाकण उचललं. कबुतराच्या पायाला लाल दोरा होता.

"हे तुमच्याकडे कधी आलं?" तिने विचारलं.

"काल सकाळी."

"पायाचा दोरा दिसला नाही?"

"दिसला की. आम्हाला वाटलं, शोभेला बांधलाय."

सुईणीने नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर तो पहिल्यांदाच तिला घाबरला. तिने पिशवी उचलली आणि चढाला लागली. तोही पिसाचं भांडण तसंच टाकून मागे धावला.

कुंभाराच्या अंगणात सासू आभाळाकडे बघत बसली होती. पोरगी दीड दिवस कळा देत होती. कोणालाही गावात पाठवलं नव्हतं, कारण कबूतर सोडल्यावर माणूस पाठवायची रीतच नव्हती. कबूतर गेलंय म्हणजे सुईण येणार, यात आजवर कधी बदल झाला नव्हता. दीड दिवस ते सगळे एकमेकांना सांगत होते, की आता येईलच ती.

मूल पायाळू होतं. सुईणीने आपलं सगळं कसब पणाला लावलं. दिवस मावळताना मूल बाहेर आलं ते निळं पडून, न रडता. तिने त्याला चोळलं, उलटं धरलं, तोंडात फुंकर घातली. बाहेर सुईणीचा नवरा देवाची करुणा भाकत उभा होता. कितीतरी वेळाने आतून एक किरकिरा आवाज आला आणि त्याने अंगणातच माथा टेकला.

मूल वाचलं. आई वाचली, पण तापाने फणफणली. बारा दिवस तिला स्वतःचं मूल उचलून घेता आलं नाही. सुईण तिच्या उशापासून हलली नाही. सोनाराच्या सुनेकडे नवरा शेजारच्या गावच्या सुईणीला हातापाया पडून घेऊन गेला. मग पेठेत जाऊन त्याने ठिपक्यांचं कबूतर परत केलं आणि दंडाची ज्वारी न भांडता मोजून दिली. येताना अजून डोळेही न उघडलेलं, पिसं न फुटलेलं एक पिल्लू कापसात गुंडाळून घरी आणलं. "हे वर्षभर तुमच्या काही कामाचं नाही," व्यापारी हसून म्हणाला. नवऱ्याने कापूस जरा सारखा केला आणि घरची वाट धरली.

ताप उतरला त्या दिवशी पोरीने सुईणीचा हात धरला आणि हळूच विचारलं, "मावशी, माझी गाठ सैल बसली होती का हो? कळेत घाईघाईने बांधली मी. दोरा वाटेत पडला असणार. माझंच चुकलं."

सुईणीने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "नाही गं बाळा," ती म्हणाली. "तुझी गाठ घट्ट होती. चूक आमच्या घरात झाली."

बाराव्या दिवशी बारसं झालं. रिवाजाप्रमाणे सासू खणनारळ घेऊन सुईणीपुढे आली. सातही वाड्यांत हा मान तिने आजवर ताठ मानेने घेतला होता. त्या दिवशी तिने हात मागे घेतले.

"हा मान वेळेवर येणाऱ्या सुईणीचा," ती म्हणाली.

सासूने पुष्कळ आग्रह केला. दारात उभ्या असलेल्या नवऱ्याने मान खाली घातली. शेवटी सासूने खणनारळ उचलला आणि कोनाड्यात ठेवून दिला.

तात्पर्य काढायचं ते एवढंच: बदलण्याचा हक्क मिळाला म्हणजे बदलण्याचं कारण मिळालं असं नाही. वेळेला घर गाठणारी वस्तू केवळ नवी मिळतेय म्हणून देऊन टाकू नये, आणि मनात 'नाही' असताना वैतागून 'हो' म्हणू नये.