लबाड कवडीचा सरळ न्याय

"कवडी हीच टाकायची! आणि न्याय मात्र दोन्ही गावांना अगदी सारखा मिळाला पाहिजे!" नरसोजीराजे गरजले आणि भरल्या दरबारात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले.

प्रश्न पाटाच्या पाण्याचा होता. दर उन्हाळ्यात पहिलं पाणी टेंभुर्लीला की जांभळवाडीला, हे राजे कवडी टाकून ठरवत. उताणी पडली तर टेंभुर्ली, पालथी पडली तर जांभळवाडी. पण ही आजोबांच्या वेळची कवडी पाठीला तडकली होती आणि त्या तड्यात सोनं भरलेलं होतं. पाठ जड, म्हणून कवडी बहुतेक उताणीच पडे! जांभळवाडीची रोपं बिचारी मान टाकून पाण्याची वाट बघत.

"महाराज, कवडी बदला," जांभळवाडीकर म्हणाले.

"आजोबांची कवडी? मुळीच नाही!"

"मग पाळी बांधून द्या. एक वर्ष त्यांचं, एक वर्ष आमचं."

"कौल म्हणजे कौल! पाळी कसली लावताय? ज्याला युक्ती सुचेल त्यानं पुढे यावं. चुकला, तर वर्षभर हत्तीखान्यात शेण काढायचं!"

दोघे आधीच तिथे पोचले होते. त्यातल्या एकानं कवडी गच्चीवरून टाकायला सांगितलं होतं. ती गच्चीवरूनही उताणीच पडली!

जांभळवाडीच्या पाटकऱ्याची मुलगी हौसा बापाबरोबर दरबारात आली होती. राजे चिडून कवडी पुन्हा पुन्हा टाकत होते आणि ती टक लावून बघत होती. उताणी, उताणी, पालथी, उताणी, उताणी... मध्येच तिचे डोळे चमकले. बापानं तिचा पदर ओढला. "गप बस, पोरी! हत्ती काय थोडं शेण टाकतो?"

पण हौसा पुढे झालीच. "महाराज, कवडी हीच ठेवा. फक्त एकदा नाही, दोनदा टाका!"

"दोनदा टाकून काय होणार? दोन्ही वेळा उताणी पडेल!"

"पडू दे की! दोन्ही वेळा सारखीच पडली तर तो डाव रद्द. पुन्हा दोनदा टाकायची. आधी उताणी आणि मग पालथी पडली, तर पाणी टेंभुर्लीचं. आधी पालथी आणि मग उताणी पडली, तर आमचं!"

टेंभुर्लीचे सुभानराव पाटील ताडकन उठले. "हिनं काहीतरी डाव साधलाय, महाराज!"

"साधलाय ना? मग पाटीलकाका, आधी तुम्हीच निवडा," हौसा म्हणाली. "तुम्हाला हवं ते घ्या, उरेल ते आमचं!"

सुभानराव घाईनं म्हणाले, "उताणी आधी!" मग थबकले. "नाही, पालथी आधी! नाही, थांबा..." ते बोटांवर हिशेब करू लागले. पगडी काढून डोकं खाजवलं. शेवटी घाम पुसत म्हणाले, "महाराज, कुठलंही द्या. दोन्हीकडे सारखंच दिसतंय!"

"ऐकलंत, महाराज?" हौसा म्हणाली. "उताणी पडणं सोपं, पालथी पडणं अवघड. आता त्यांनाही एक सोपं आणि एक अवघड लागणार, आणि आम्हालाही एक सोपं आणि एक अवघड. फक्त कुठलं आधी, एवढाच फरक. आणि कवडीला मागचं काही आठवत नाही. पहिल्यांदा कशी पडली हे बघून ती दुसऱ्यांदा पडत नाही!"

राजांचे डोळे विस्फारले. त्यांनी अधीर होऊन कवडी उचलली. टेंभुर्लीला उताणी-आधी दिलं आणि टाकली.

उताणी. उताणी. रद्द!

पुन्हा उताणी, उताणी. रद्द!

तिसऱ्या डावाला उताणी... आणि पालथी! टेंभुर्लीकरांनी फेटे उडवले. हौसाच्या बापानं कपाळावर हात मारला.

"अगं पोरी," राजे मिस्कीलपणे म्हणाले, "युक्ती तुझी आणि पाणी त्यांना! वाईट नाही वाटत?"

"वाटतं की, महाराज!" हौसाचा आवाज जरा ओलावला, पण मान ताठ होती. "पण आजवर आम्ही घरून निघतानाच हरून निघायचो. आज पहिल्यांदाच इथे येऊन हरलो!"

राजे आधी गालात हसले, मग मांडी थोपटून खदखदून हसले. हसता हसता त्यांची कंठी तुटली आणि मोती दरबारभर घरंगळले. "वेचा रे! आणि ओवून या पोरीच्या गळ्यात घाला! पाट टेंभुर्लीचा, ते तर ठरलंच. पण पाटाचं पाणी तिकडे पोचेपर्यंत राजबागेच्या विहिरीची मोट जांभळवाडीसाठी चालेल! आणि पुढच्या वर्षीपासून कवडी टाकायला मी नाही, ही हौसा बसेल!"