अडखळ्या डोंगर आणि बारकीचं गाणं

इकडून बघा, म्हणजे नीट दिसेल. आजूबाजूचे सगळे डोंगर बूड टेकून बसलेत आणि हा एकटाच पुढं झुकलाय. एक गुडघा वर, एक पाय मागं. चालत्या माणसाला कुणीतरी अडवावं आणि तो तसाच राहावा, तसा. सरकारी नकाशात त्याचं नाव दुसरंच आहे, पण आम्ही वारली लोक त्याला अडखळ्या म्हणतो. त्याच्या पायथ्याशी हा जो सपाट कातळ आहे, जिथं आता माईक लावताहेत, तो बायांच्या गाण्यांचा. उन्हं कातळावरून उतरली की गाणी सुरू होतील. तोवर बसा, सांगते.

फार पूर्वी, म्हणे, डोंगर चालायचे. जमीन ओली होती, कुणाला एका जागी राहायची सवय नव्हती. मग धरतरीनं, म्हणजे आमच्या भूमातेनं, सगळ्या डोंगरांना सांगितलं की आता बसा, माझ्या अंगावर धान उगवायचंय. सगळे बसले. हा बसला नाही. कुठं निघाला होता, कुणाला भेटायचं होतं, ते त्यालाच ठाऊक. कधी महिनोन्महिने गप्प असायचा, आणि मग एखाद्या दिवशी खालून घरघर सुरू व्हायची, दगड सुटायचे आणि तो पाड्याच्या दिशेनं सरकायचा.

आमचे वाडवडील त्याच्यापुढं पळत राहिले. कुड मोडायचे, खांब डोक्यावर घ्यायचे, पुढच्या माळावर पुन्हा घर उभं करायचं. त्या काळी आमच्या पाड्यात कुणी आंब्याची कोय पुरत नसे. फळ खायला कोण थांबणार होतं? बाया भात रांधताना एक तळवा जमिनीवर टेकवून बसत. पोरं खेळता खेळता मध्येच थांबून कान द्यायची. कुणी कुणाशी नीट भांडतसुद्धा नसे, असं सांगतात, कारण भांडण संपेपर्यंत आपण इथं असू की नाही याची खात्री नसायची. भगतानं कोंबडे कापले, बकरे कापले. डोंगर रक्तावरून चालत पुढं आला.

त्या पाड्यात नवशी नावाची धवलेरी होती. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. आमच्यात लग्न लागतं ते तिच्या गाण्यानं. ती देवांना बोलावते, नवरानवरीच्या कुळाची गोष्ट गाते, आणि तिचं गाणं पुरं होईपर्यंत लग्न लागलं असं कुणी मानत नाही. नवशी उतारवयाची होती, आवाज जाडसर, पण तो ऐकायला लांबलांबच्या पाड्यांतून माणसं यायची.

एका दुपारी ती लग्न लावत असताना जमीन घरघरली. वऱ्हाड उठलं, मांडव सोडून पळालं. नवरीसुद्धा उठली. नवशीनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि गाणं सोडलं नाही. अर्धं लागलेलं लग्न टाकून धवलेरी उठत नाही, एवढंच तिच्या मनात होतं, म्हणे. दगड मांडवाच्या दारापर्यंत घरंगळत आले. आणि तिथंच थांबले. नवशी गात राहिली, तोवर डोंगर हलला नाही. लांब पळालेली माणसं वळून बघत उभी राहिली.

त्या दिवशी पाड्याला कळलं की डोंगराला कान आहेत.

पुढच्या वेळी डोंगर हलला तेव्हा लोकांनी नवशीला या कातळावर आणून उभं केलं. ती तेच लग्नाचं गाणं गायली. डोंगर क्षणभरही थांबला नाही. तिनं घाईघाईनं दुसरं गायलं, तेव्हा थांबला. असं होता होता समजलं की एकदा ऐकलेलं गाणं त्याला चालत नाही. आईकडून, आजीकडून आलेली जेवढी गाणी नवशीजवळ होती, तेवढी त्यानं ऐकून घेतली. मग ती नवी रचू लागली.

आधी लोक तिला हात जोडायचे. तिच्यासाठी मोहाची पहिली फुलं, पहिली काकडी ठेवायचे. पण माणसाला सवय लागते. पाड्याचा कारभारी जिवल्या होता, त्यानं सांगून टाकलं की नवशीनं आता कातळ सोडून कुठं जायचं नाही. तिच्यासाठी तिथंच पानांची खोप घातली. जमीन जराशी थरथरली की लोक खोपीकडं बघायचे. नवशीला झोप येईना. जे दिसेल त्याचं तिला गाणं करावं लागे, मुंगीचं, चुलीच्या राखेचं, कुणाच्या पोराच्या खोकल्याचं. घास तोंडाशी नेताना हात थांबायचा आणि ओठ हलायला लागायचे. समोरचा माणूस बोलत असला तरी तिचं लक्ष त्याच्या शब्दांत चाल शोधण्यात असायचं. ती वाळत चालली, आवाज चिरत चालला.

तिच्याजवळ रोज आंबील घेऊन येणारी एकच बाई होती, बारकी. तरुण होती. डोंगर मागं एकदा सरकला तेव्हा तिचा नवरा रूपजी धान्याची कणगी आणायला घरात परत शिरला आणि घरासकट दगडांखाली गेला. तो होता तोवर बारकी दळताना, लावणी करताना सारखी गायची, स्वतःचीच रचून. तो गेला आणि लोकांनी तिचं तोंड बंद केलं. विधवेनं गाऊ नये, लग्नाच्या मांडवात शिरू नये, कातळावर तर पायच ठेवू नये, असं तेव्हा आमच्या पाड्यात मानत. बारकी आंबील कातळाच्या कडेला ठेवायची आणि मागं सरून उभी राहायची. नवशी ती उचलून घ्यायची. दोघी फारसं बोलत नसत.

एके सकाळी डोंगर हलला तो नेहमीसारखा नाही. झाडं मुळांसकट वर आली. माथ्यावरचे कडे सुटले. सगळा पाडा कातळाभोवती गोळा झाला. नवशी उभी राहिली, तोंड उघडलं, आणि आवाज आलाच नाही. पुन्हा प्रयत्न केला. नुसता वारा आला. जिवल्या तिच्यापुढं बसला, पाय धरले, एखादं तरी, म्हणाला. नवशीनं मान हलवली. मग ती गर्दीतून चालत बारकीपाशी गेली आणि तिला दंडाला धरून कातळाकडं ओढू लागली.

जिवल्या आडवा आला. या बाईचा पाय कातळाला लागला तर उरलंसुरलं जाईल, असं तो म्हणत होता, आणि बरेच जण त्याच्या बाजूचे होते. नवशीच्या घशातून आवाज निघत नव्हता. तिनं जवळ उभ्या असलेल्या एका बाईच्या कानात नुसत्या श्वासानं काहीतरी सांगितलं आणि त्या बाईनं ते मोठ्यानं सांगितलं.

"नवशी सांगतेय, ज्यांची घरं भरलेली त्यांची गाणी त्यानं ऐकली. जिचा नवरा त्यानं खाल्ला, तिचं ऐकू दे त्याला आता."

जिवल्या बाजूला झाला. पटलं म्हणून की घाबरला म्हणून, ते दोन्ही सांगतात.

बारकी कातळावर चढली. डोंगराकडं तोंड करून उभी राहिली. मग गाऊ लागली. ते गाणं देवाला बोलावणारं नव्हतं की डोंगराची आळवणी करणारं नव्हतं. त्यातल्या चार ओळी आमच्यात राहिल्यात.

कुठं निघालास रं डोंगरा, तुझी वाट सरंना,
तुझ्या पायाखाली माझं घर, तुला कसं कळंना.
माझ्या कुडाला वाळवी नाय, खांब नवेच्या नवे,
वाळवी लागाया डोंगरा, घर थांबाया हवे.

पुढं तिनं रूपजीचं नाव घेतलं. तो कसा हसायचा, भात कसा झोडायचा, कणगीसाठी परत का गेला, ते गायली. कणगीत बियाणं होतं. त्याला वाटलं होतं की यंदा तरी जिथं पेरू तिथंच कापू. तू त्याला विचारलंस का, असं तिनं डोंगराला विचारलं. तिचा आवाज गोड नव्हता. रागानं तो मध्येमध्ये फाटत होता. पाड्यातल्या कुणी तिच्या नवऱ्याचं नाव इतक्या दिवसांत घेतलं नव्हतं, ते तिनं डोंगराच्या तोंडावर पुन्हा पुन्हा घेतलं.

डोंगरानं पुढचा पाय उचलला होता, तो तसाच राहिला. मग तो अडखळला, असं सांगतात. गुडघ्यावर आला. मोठा धुरळा उठला. धुरळा बसला तेव्हा डोंगर आता दिसतो तसा होता. त्याच्या कुशीतून पाणी पाझरायला लागलं होतं. काही म्हणतात तो शरमला. काही म्हणतात तो रडला. मला विचाराल, तर त्याच्यामागं काय उरतं ते तोवर त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

नवशीचा आवाज काही परत आला नाही. ती लग्नाला जाऊन बसायची, दुसऱ्या बाया गायच्या, आणि कुणाचं चुकलं तर हातानं खुणावायची. ती खुशीत होती की नाही, ते कुणी सांगत नाही. गाढ झोपायची, एवढं मात्र सांगतात.

पुढच्या वर्षी सुगी झाल्यावर जमीन जराशी कुरकुरली. जिवल्या स्वतः बारकीच्या दारी गेला, तेच गाणं पुन्हा गा म्हणाला.

बारकी म्हणाली, "ते त्यानं ऐकलंय, कारभारी. यंदा जिचा माणूस गेलाय, तिला घेऊन या."

तेव्हापासून ही रीत पडली. सुगी झाली की बाया इथं जमतात. वारल्यांच्या येतात, कोकणा लोकांच्या, ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या येतात. हल्ली शिकलेल्या पोरी गिटार घेऊन येतात, कुणी ढोलकी, कुणी रिकाम्या हातांनी. प्रत्येकीनं आपलं, स्वतः रचलेलं गायचं. दुसरीचं गायचं नाही आणि मागच्या वर्षीचंही नाही. आईची, आजीची गोष्ट असली तरी शब्द आपले हवेत. आणि सगळ्यांत आधी उभी राहते ती त्या वर्षी जिचं माणूस गेलं ती.

डोंगर बसला, पण आम्ही अजून हलतोच. दिवाळी सरली की निम्मा पाडा वीटभट्टीवर जातो, काही मासेमारीच्या बोटींवर जातात. घरांना कुलपं लागतात. गाण्यांपुरते येतात, पुन्हा जातात. कुणी म्हणतं, डोंगर जे सोडून बसला ते आमच्या पायांत आलं. मी ते मानत नाही, पण रात्री कधीकधी आठवतं.

आजही इथं गाणं संपलं की टाळ्या वाजवत नाहीत. तुम्हीही वाजवू नका. तळहात जमिनीवर ठेवायचा आणि गप्प राहायचं. जमीन शांत लागली, की पुढची बाई उठते.

ती बघा, कातळाच्या कडेला निळ्या साडीत उभी आहे ती. मघापासून पदराचं टोक बोटाला गुंडाळतेय, सोडतेय. ती वनिता, माझी सून. माझा लेक गेल्या हंगामात भट्टीवर तापानं गेला. ती रोज दळताना काहीतरी पुटपुटायची, मी शेजारी बसले की थांबायची. काय रचलंय ते मला माहीत नाही. विचारायची रीत नाही. तिनं त्याचं नाव घेतलं तर मला ऐकवेल का, आणि नाही घेतलं तर सोसवेल का, हेच सकाळपासून मनात फिरतंय.

उन्हं उतरली. चला, बसून घ्या. हात मोकळे ठेवा.