तांडेलाचं आसन

तारवेळच्या किनाऱ्यावर उतरलं की पहिली नजर जाते ती उंडीच्या झाडाखालच्या काळ्या कातळाकडे. पाठ टेकायला आधार, वर सावली, समोर सगळा समुद्र. अख्ख्या किनाऱ्यावर याहून चांगली बसायची जागा नाही, आणि नेमकी तिथेच माशांची आतडी, खवले, शेपट्या यांची रास पडलेली असते. कावळे सोडले तर तिथे कोणी टेकत नाही. पाहुणे नाकाला रुमाल लावतात आणि म्हणतात, काय घाणेरडे लोक! लोक घाणेरडे नाहीत. बाकीचा किनारा पाहा, अंगण झाडल्यासारखा आहे. घाण टाकायची ती त्याच कातळावर, ही इथली रीत. नवी नवरी गावात आली की सासू तिला पहिल्या मासळीची आतडी तिथे टाकायला पाठवते.

असं सांगतात की फार पूर्वी त्या कातळावर साखोजी तांडेल बसत असे. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, भर समुद्रात ज्याच्या शब्दावर बाकीचे जीव टाकतात तो माणूस. साखोजीचा आजा तसा होता म्हणे. नातवाकडे आलं ते नुसतं नाव. होडीत पाय ठेवला की याच्या पोटात ढवळायचं, म्हणून याने पाय ठेवणंच सोडलं. पांढरंशुभ्र धोतर नेसून, गालात विडा धरून तो सकाळपासून कातळावर बसायचा. त्या धोतराचा काठ कधी खाऱ्या पाण्याने भिजला नाही, पण जीभ मात्र रोज समुद्रावर जायची. कोणाचं जाळं रिकामं आलं, कोण लाटेला बिचकला, कोण अर्ध्यातून परतला, सगळ्यांची टवाळी तो बसल्या जागेवरून करी. आणि गावाचंही फार कौतुक करायला नको. त्या टवाळीवर खिदळणारे हेच लोक.

त्याच गावात धोंडी नावाचा एक गाबीत मच्छीमार होता. त्याची एक लहानशी होडी होती. दोर सोडण्याआधी तो बराच वेळ पाण्याकडे बघत उभा राही. त्याची बायको येसू बाजारात मासळी विकायची. बोलायला फटकळ, चालायला झपाट्याची. नवऱ्याच्या त्या बघत राहण्याचा तिला मनापासून कंटाळा होता.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. साखोजीकडे मुलीला बघायला पाहुणे आले होते आणि पाहुण्यांच्या ताटात ताजा सरंगा मासा हवाच, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. सकाळपासून दक्षिणेचा वारा सुटलेला. खाडीच्या तोंडाशी लाटा फुटून पांढऱ्या होत होत्या. सगळ्यांनी होड्या वर ओढल्या होत्या. साखोजीने धोंडीला हाक मारली. धोंडी आला, पाण्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आज नको. वारो बरो नाय."

"वाऱ्याक भियालंस?" साखोजीने विडा थुंकला. "मग बायलेच्या पदराखाली जावन बस!"

सगळा किनारा हसला. येसू टोपली घेऊन तिथेच उभी होती. ते हसणं तिला अंगावर चिखल उडाल्यासारखं लागलं. तिला साखोजीचा राग यायला हवा होता. आला तो नवऱ्याचा.

"जावा तरी," ती म्हणाली, "नायतर माजा लुगडा नेसान घरात बसा."

धोंडीने एकदाच तिच्याकडे पाहिलं. मग त्याने होडी पाण्यात लोटली.

दुपारी होडी आली, उलटी, वाळूच्या दांड्यावर लागली. धोंडी आला नाही. साखोजीच्या घरी सरंग्याऐवजी कोंबडी कापली गेली, आणि ढेकर देऊन तो म्हणाला म्हणे, "इतको कच्चो होतो, तर गेलो कित्याक?"

येसू चारचौघांत रडली नाही. साखोजीची तिला किळस आली, हसणाऱ्यांची आली, पण सगळ्यात जास्त आली ती स्वतःच्या आवाजाची. सकाळी चूल पेटवताना तिला तो ऐकू येई. तिने मोडलेली होडी दिराकडून दुरुस्त करून घेतली. आता तो दीर, महादू, त्या होडीवर जाऊ लागला.

पुढच्या हंगामात पुन्हा तसाच वारा सुटला. त्या दिवशी साखोजीकडे पाहुणेसुद्धा नव्हते. त्याला नुसता वेळ जात नव्हता. "भावाचा रक्त तुज्यात पण तसलाच काय रे?" त्याने महादूला विचारलं. किनारा हसायला लागला. महादूचा चेहरा लाल झाला आणि त्याने दोराला हात घातला.

येसूने तो हात बाजूला केला. होडी तिने स्वतःच कमरेभर पाण्यात नेली आणि लाटांचा मार खात धरून ठेवली.

"तांडेलानू," ती ओरडली, "उठा! होडयेत जागा आसा."

हसणं जागच्या जागी थांबलं. साखोजीने एकट्याने हसून पाहिलं. कोणी साथ दिली नाही. बसून राहणं उठण्यापेक्षा अवघड झालं, तेव्हा तो उठला. आधी त्याचे गुडघे दुखत होते. मग आईचं श्राद्ध जवळ आलं होतं. मग पंचांगात दिवस वाईट निघाला. येसू होडी धरून उभीच. शेवटी त्याने एक पाय पाण्यात घातला. लाट आली, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं आणि तांडेल कोंबड्यासारखा मागे उडाला.

"आज नको," तो म्हणाला. "वारो बरो नाय."

"ह्याच माजो घोव बोललो हुतो," येसू म्हणाली.

तिने होडी वर आणली, टोपली उचलली आणि आतली कालच्या मासळीची सगळी घाण त्याच्या आसनावर ओतली. मागून दुसरी बाई आली, मग तिसरी. साखोजी घरी गेला. पुढे तो पुष्कळ वर्षं जगला, पण त्याला कोणी काही विचारलं नाही. काही लोक सांगतात, त्याच क्षणी कातळाला भेग पडली. येसूच्या घरातले म्हणतात, भेग आधीचीच आहे. लाज वाटायला कातळाने काय केलं होतं?

त्यानंतर भगवतीच्या देवळात गाव जमलं. धोंडीला आपणही ढकललं, हे येसूने देवीसमोर मोठ्याने सांगितलं. हसणाऱ्यांना मग माना खाली घालाव्याच लागल्या. तिथे सगळ्यांनी शपथ घेतली: वाऱ्यात जो दुसऱ्याला 'जा' म्हणेल, त्याने आधी स्वतः होडीत बसायचं.

आजही वारा सुटला की होडीवाला पाण्याकडे बघत एकटा उभा राहतो आणि मागे सारं गाव तोंड मिटून असतं. गेल्या दिवाळीत बाहेरगावचे एक गृहस्थ आले होते, समोरचं बेट बघायला. "एवढ्याशा वाऱ्याला काय घाबरता हो?" ते चारचौघांत म्हणाले. होडीवाला होडीत चढला, पुढची फळी खांद्यावरच्या पंच्याने पुसली, बाजूला सरकला आणि म्हणाला, "बसा."

गृहस्थांना जेवणाची वेळ झाल्याचं आठवलं.