आवडाय आणि खडपातले मासे

ही गोष्ट खरं तर मी सांगायची नाही. आमच्याकडे ती सासूने नव्या सुनेला सांगायची असते, आणि मी तर अजून शाळेत जाते. पण मला ती पाठ आहे, म्हणून हळूच सांगते.

आमच्या देवळाचा पहिला दगडही बसला नव्हता, तेव्हा घाटावरून आवडाय नावाची मुलगी लग्न होऊन इथे आली. तिने समुद्र कधी पाहिला नव्हता. ओहोटीला बायका खडपावर, म्हणजे समुद्रात आत गेलेल्या खडकांवर, कालवं काढायला निघाल्या, तशी तीही निघाली. तिथल्या खळग्यांत पाणी साचलं होतं आणि त्यात बोटाएवढे, खडकाच्याच रंगाचे मासे होते. तिला वाटलं, समुद्र यांना मागे विसरला. तिने ते ओंजळीत धरून एकेक समुद्रात नेऊन सोडले.

सासू पोट धरून हसली. "अगो, ती त्यांची घरं! उद्या मलापण उचलून टाकशील!"

दुसऱ्या दिवशी बघते तर शेपटी तुटलेला एक मासा पुन्हा आपल्याच खळग्यात. तिची सावली पडली की तो टुणकन उडायचा आणि नेमका शेजारच्या खळग्यात पडायचा, कोरड्या खडकावर कधीच नाही. भरतीत हे मासे सगळं खडप पोहून बघतात आणि ध्यानात ठेवतात, असं म्हणतात. आवडाय तासन्‌तास त्यांच्याकडे बघत बसायची. टोपली रिकामीच राहायची.

"सून आणलीस की बगळा?" बायका सासूला विचारायच्या.

मग थंडीत एकदा दाट धुकं उतरलं. सगळ्या बायका खडपाच्या टोकाला होत्या आणि भरती लागली. किनारा दिसेना. पाऊल चुकलं तर खोल घळ. सासू आवडायला बिलगली. "आता काय गो करायचं?"

भरती लागली की मासे किनाऱ्याच्याच बाजूला उडतात, हे आवडायने बघून ठेवलं होतं. तिने वाकून पाण्यावर हात आपटला. एक मासा उडाला, मग पुढच्या खळग्यातून दुसरा, मग तिसरा. मासा पडेल त्या खळग्याच्या काठावर ती पाय ठेवी. तिच्या हातात सासूचा हात, सासूच्या हातात मागचीचा. शेवटी तर धुक्यातून किनाऱ्यापर्यंत माशांचं चांदीचं तोरणच लागलं, असं म्हणतात. मासे किती होते, ते मात्र सांगणाऱ्यागणिक वाढतात.

वाळूवर पोचल्यावर सासू म्हणाली, "उद्यापासून टोपली मी भरीन. तू फक्त पुढे चाल."

तेव्हापासून आमच्या गावात ते मासे कुणी धरत नाही. आणि नवी सून पहिल्यांदा खडपावर जाते, तेव्हा सगळ्या तिच्या मागून चालतात. ती चुकली तर हसतात, पण तिच्यापुढे कुणी जात नाही. मग ती एक खळगा निवडते आणि त्याला आपल्या माहेरच्या गावाचं नाव देते. आज आमची वहिनी पुढे चालणार आहे. ती कुठला खळगा निवडणार, ते फक्त मला माहीत आहे, तो ना, मोठ्या खडकाच्या पलीकडे, जिथे…

आले गो आई, आले!